जावास्क्रिप्ट शिकताय? आधी 'अ‍ॅरे'शी गट्टी जमवा

घरात कोणी वेबसाइट बनवायला शिकत असेल, तर 'जावास्क्रिप्ट' हे नाव तुमच्या कानावर नक्कीच आले असेल. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी तयार केलेली ही भाषा आज प्रत्येक ब्राउझरला समजते. तिच्यात सुरुवातीलाच भेटतो तो अ‍ॅरे. अ‍ॅरे म्हणजे एका नावाखाली क्रमाने ठेवलेल्या अनेक गोष्टी, अगदी वाण्याच्या यादीसारख्या.

यादी बनवा

संगणकावर क्रोम उघडा, एफ-१२ दाबा आणि 'कन्सोल' निवडा. तिथे ही ओळ लिहा:

यादी = ["तांदूळ", "तूरडाळ", "गूळ", "पोहे"]

हो, नाव मराठीत चालते! कोडमधले अंक आणि आज्ञा मात्र इंग्रजीतच लिहाव्या लागतात.

मोजणी शून्यापासून

इथे तांदळाचा क्रमांक १ नसून ० आहे. म्हणजे पोह्यांचा क्रमांक ३. 'लेंथ' विचारली तर उत्तर ४ येते, पण चौथ्या क्रमांकावर काहीच नसते. तिथे डोकावलात तर 'अनडिफाइन्ड' असे उत्तर मिळते. म्हणून शेवटची वस्तू हवी असेल, तर लेंथमधून १ वजा करा.

भर घाला, काढून टाका

'पुश' शेवटी वस्तू जोडते, 'पॉप' शेवटची काढते. 'अनशिफ्ट' सुरुवातीला जोडते, 'शिफ्ट' पहिली काढते. यादीत गूळ आहे की नाही, हे 'इन्क्लुड्स' सांगते.

खरी गंमत क्रम लावताना

समजा, चार मुलांचे गुण आहेत: ९, १००, २५ आणि ८०. चढता क्रम लावायला तुम्ही 'सॉर्ट' वापरले. उत्तर येते: १००, २५, ८०, ९! शंभर गुणांचा विद्यार्थी तळाला आणि नऊवाला सगळ्यात वर. लाल अक्षरांत चूक दाखवली जात नाही, त्यामुळे असा निकाल लागला तरी कोणाच्या लक्षातही येणार नाही.

असे का होते? वेगळे काही सांगितले नाही, तर 'सॉर्ट' संख्यांनाही शब्द समजते आणि शब्दकोशासारखे पहिले अक्षर आधी बघते. १ हा ९ च्या आधी येतो, म्हणून १०० आधी. उपाय सोपा आहे: 'सॉर्ट'च्या कंसात तुलनेचा नियम द्या. दोन संख्या घ्यायच्या आणि पहिलीतून दुसरी वजा करायची. उत्तर ऋण आले, तर पहिली संख्या आधी लागते. आता क्रम बरोबर येईल: ९, २५, ८०, १००.

प्रत काढायला विसरू नका

'सॉर्ट' मूळ यादीचाच क्रम बदलते. 'जुनी = गुण' असे लिहून प्रत तयार होत नाही. घरचा बाळू आणि शाळेतला बाळकृष्ण एकच, तशी ती एकाच यादीची दोन नावे होतात. खरी प्रत हवी असेल, तर 'स्लाइस' वापरा.

एक सवय मात्र आजपासूनच लावून घ्या. ज्याचे उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे, अशा चार-पाच आकड्यांवर कोड तपासा. मगच चारशे मुलांचे गुण त्याच्या हवाली करा.