मापाची पारख

शाळेत घातलेले मूल पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत मागे पडले, की त्याच्याविषयीचा निकाल फार लवकर लागतो. घरातली वडीलधारी माणसे काय, वर्गातले शिक्षक काय, ‘याचे डोकेच चालत नाही’ एवढे म्हणून मोकळी होतात. हा निकाल खरा की खोटा, हे शोधण्याची साधने शैक्षणिक मानसशास्त्र पुरवते. आणि मूल जन्मापासून कसकसे वाढत जाते, याचा विचार मानवविकास हे शास्त्र करते. या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुले-मुली दोन वर्षे नेमके शिकतात तरी काय, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे थोडक्यात उत्तर असे, की मुलाला माप लावण्यापूर्वी ते मापच पारखून घेण्याची शिस्त तेथे अंगी बाणवावी लागते.

या मापाचा जन्म शाळेच्या गरजेतूनच झाला. फ्रान्समध्ये 1882 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. सर्व थरांतील मुले शाळेत आली, तेव्हा त्यांतील काहींना नेहमीचे शिक्षण झेपत नाही असे दिसून आले. अशी मुले कशी ओळखावीत याचा विचार करण्यासाठी 1904 साली सरकारने एक समिती नेमली, आणि 1905 साली आल्फ्रेड बिने व त्यांचे सहकारी तेओडोर सिमाँ यांनी आपली बुद्धिमापनाची श्रेणी प्रसिद्ध केली. पेटत्या काडीमागे नजर फिरवणे या अगदी सोप्या कृतीपासून आरंभ करून ती क्रमाक्रमाने अवघड होत जाणाऱ्या 30 कसोट्यांपर्यंत पोहोचत असे. ज्या सुमारास पॅरिसमध्ये हे घडत होते, त्याच सुमारास बडोद्याचे सयाजीराव गायकवाड 1893 साली अमरेली भागात सुरू केलेले सक्तीचे शिक्षण 1906 साली सर्व संस्थानभर लागू करीत होते. शाळेचे दार सर्वांना उघडले, की मागे पडणाऱ्या मुलाचे काय करावे हा प्रश्न त्या दारातून आत येतोच. मग गाव पॅरिस असो वा बडोदे.

बिने यांचा हेतू मुलांना मदत देण्याचा होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, कधीही न बदलणारी राशी आहे, हे मत त्यांनी 1909 साली स्पष्ट शब्दांत नाकारले. तथापि त्यांची श्रेणी देशोदेशी गेली तशी तिच्यामागची ही सावधगिरी मागे राहिली. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी 1916 साली तिची सुधारित आवृत्ती काढली, बुद्ध्यंक हा शब्द रूढ झाला, आणि एका आकड्यावरून माणसाची किंमत करण्याची खोड अनेकांना लागली.

हिंदुस्थानात ही श्रेणी आणताना केवळ भाषांतर करून भागण्यासारखे नव्हते. मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी बिने-श्रेणीची जी पुनर्रचना केली, तिची माहिती 1934 साली एका ब्रिटिश शैक्षणिक नियतकालिकात आली, आणि 1940 साली त्यांचा हिंदी मुलांच्या बुद्धिमापनावरील ग्रंथ निघाला. अशा कामातील अडचण समजून घेण्याजोगी आहे. परदेशातील सहा वर्षांच्या मुलाला सहज सुटणारा प्रश्न येथील त्याच वयाच्या मुलाला अवघड जातो, आणि तेथे अवघड ठरलेला येथे सोपा निघतो. कारण प्रश्नातील वस्तू, चित्रे, शब्द आणि व्यवहार मुलाच्या रोजच्या पाहण्यातले असतात किंवा नसतात. म्हणून प्रत्येक प्रश्न येथील पुष्कळ मुलांना विचारून तो कोणत्या वयाला शोभतो हे नव्याने ठरवावे लागते. यालाच प्रमाणीकरण म्हणतात.

बडोद्यात या परंपरेला विद्यापीठाचे घर मिळाले. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 साली स्थापन झाले; हंसाबेन मेहता त्याच्या कुलगुरू झाल्या, आणि 1950 साली तेथे गृहविज्ञान विद्याशाखा सुरू झाली. तिच्यातील बालविकास विभागाचे नाव पुढे मानवविकास व कुटुंब अभ्यास असे झाले. याच विभागात प्रमिला फाटक यांनी 1 ते 30 महिने वयाच्या बालकांचा दीर्घ अभ्यास केला. नॅन्सी बेली यांनी अमेरिकेत तयार केलेली पद्धती पुढे ठेवून त्यांनी बडोद्यातील बाळांच्या वाढीची मानके सिद्ध केली. त्यांतून भारतीय बालकांसाठी जी विकासश्रेणी आकाराला आली, तिच्यात हालचालींच्या 67 आणि मानसिक वाढीच्या 163 कसोट्या आहेत. बाळ मान केव्हा सावरते, बसते केव्हा, हाक ऐकून वळते केव्हा, हे परक्या मुलखाच्या तक्त्यावरून न ठरवता येथील बाळे पाहून ठरवावे, हा त्या परिश्रमाचा अर्थ होय.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवले जाते ते याच वृत्तीला धरून. प्रथम निरीक्षण. या विभागाला जोडून चेतन बालवाडी आहे; अशा बालवाडीत बसून विद्यार्थ्याने दिसेल तेवढेच लिहायचे असते. ‘मूल हट्टी आहे’ हे निरीक्षण नव्हे, तो शेरा झाला. ‘दहा मिनिटांत तीन वेळा दुसऱ्याच्या हातातले ठोकळे ओढून घेतले’ हे निरीक्षण. त्यानंतर संख्याशास्त्र: कसोटी पुनःपुन्हा तेच उत्तर देते काय, ही तिची विश्वसनीयता, जे मोजते असे ती सांगते तेच मोजते काय, ही तिची सप्रमाणता. मग सिद्धांत. पॅरिसमध्ये 1920 च्या सुमारास मुलांच्या कसोट्या तपासण्याचे काम करताना झाँ पियाजे यांचे लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांकडे वेधले, कारण त्या चुकांतून मुलाची विचार करण्याची रीत दिसत होती. रशियातील लेव वायगॉट्स्की यांनी मूल एकट्याने काय करते याबरोबरच जाणत्याचा हात धरून काय करू शकते, हेही पाहावयास सांगितले.

हे सारे पुस्तकी वाटेल. परंतु बेळगावात घरी मराठी व शाळेत कानडी, बडोद्यात घरी मराठी व अंगणात गुजराती, हैदराबादेत घरी मराठी व बाहेर तेलुगू-उर्दू बोलणाऱ्या मुलाचे भवितव्य यावर अवलंबून असते. त्याची परीक्षा फक्त शाळेच्या भाषेत घेतली, तर कमी आलेले गुण बुद्धीचे की भाषेचे, हे कळणार नाही. अशा मुलाचा शब्दसंग्रह मोजायचा तर दोन्ही भाषांतील शब्द एकत्र धरावे लागतात. त्याचे डोळे व कान आधी तपासावे लागतात. आईवडिलांशी बोलावे लागते. आणि एका कसोटीवर निर्णय बांधता येत नाही. उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. दोन भाषांचा गोंधळ म्हणून सोडून दिलेली अडचण कधी वाचनाची खरीखुरी अक्षमता असते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली आहे. ती वेळीच ओळखली गेली नाही, तर मिळू शकणारे साहाय्य न मिळताच मुलाची वर्षे वाया जातात.

वाण्याची तागडी चुकली तर शेर-पावशेराचे नुकसान होते. मुलाला लावलेले माप चुकले तर त्याचा फटका त्याला जन्मभर सोसावा लागतो. म्हणून या विषयात पारंगत झालेल्या माणसाकडून चटकन मिळणाऱ्या उत्तराची अपेक्षा धरू नये. ‘याचे डोके चालते का?’ असे विचारणाऱ्या पालकाला तो आधी उलट विचारील, ‘हा घरी कोणती भाषा बोलतो? फळ्यावरचे त्याला नीट दिसते का? आणि कुणी जवळ बसून समजावले तर त्याला कुठवर जमते?’