अँटीव्हायरसचे मुखत्यारपत्र

घरच्या संगणकासाठी अँटीव्हायरस कोणता घ्यावा, या प्रश्नाचा निकाल आपल्याकडे बहुधा दुकानाच्या गल्ल्यापाशी लागतो. संगणकाची जुळणी पुरी झालेली असते, बिलाचा आकडा अपेक्षेच्या वर गेलेला असतो, आणि अशा अवस्थेत दुकानदार "याच्याशिवाय मशीन देणं बरोबर नाही, साहेब" असे म्हणत एक चकचकीत खोके पुढे सरकवतो. गिऱ्हाईक मान डोलावते, आणि ज्या प्रोग्रॅमला संगणकावरील यच्चयावत दस्तऐवज उघडून पाहण्याचा, अडवून ठेवण्याचा आणि प्रसंगी नष्ट करण्याचा अधिकार मिळायचा आहे, त्याची नेमणूक अर्ध्या मिनिटात होऊन जाते. वास्तविक हा व्यवहार खरेदीचा कमी आणि मुखत्यारपत्र लिहून देण्याचा अधिक आहे. ते कोणाच्या नावे लिहावे याविषयी ज्या समजुती रूढ आहेत, त्यांतील काही एके काळी यथार्थ होत्या. काळ पुढे गेला, समजुती मात्र जागच्या हलल्या नाहीत.

विकतचा अँटीव्हायरस नसेल तर संगणक उघडा पडतो, ही त्यांतील सर्वांत रुजलेली समजूत. विंडोज एक्सपीच्या अमदानीत ती खरी होती, कारण त्या प्रणालीत असा बंदोबस्त अंगभूत नव्हताच. आणि पुण्यात काटकर बंधूंनी यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायातून जो अँटीव्हायरस उभा केला आणि ज्याच्या कंपनीचे समभाग २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदले गेले, त्या 'क्विक हील'चे महाराष्ट्रातील घरोघरचे स्थान याच गरजेतून निर्माण झाले. परंतु मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' विनामूल्य दिले आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' प्रणालीतच समाविष्ट केला. प्रारंभीची काही वर्षे त्याचा दर्जा सामान्य होता, हे कबूल करावे लागेल. आज मात्र जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील 'एव्ही-टेस्ट' या संस्थेच्या परीक्षांत, जिथे संरक्षण, संगणकाच्या वेगावरील भार आणि वापरातील सुलभता या तीन विषयांना प्रत्येकी ६ याप्रमाणे १८ गुण असतात, हा अंगभूत प्रोग्रॅम अनेकदा विकतच्या उत्पादनांच्या पंक्तीत बसलेला दिसतो. विकतच्या पुडक्यात मुलांच्या वापरावरील नियंत्रण, पासवर्ड सांभाळणारी तिजोरी, दूरध्वनीवरील साहाय्य अशा गोष्टी मिळतात; त्या हव्या असतील तर पैसे अवश्य द्यावेत, पण ते त्या गोष्टींसाठी दिले आहेत हे जाणून द्यावेत.

याच्या उलट टोकाची समजूत अशी की, जे फुकट मिळते त्यात गमावण्यासारखे काही नसते. प्राग येथील अव्हास्ट या विख्यात कंपनीचा मोफत अँटीव्हायरस जगभर कोट्यवधी लोकांनी विश्वासाने बसवून घेतला. आणि तीच कंपनी आपल्या ग्राहकांनी कोणकोणत्या संकेतस्थळांना भेटी दिल्या याची माहिती गोळा करून 'जंपशॉट' नावाच्या उपकंपनीमार्फत विकत होती. २०२० च्या आरंभी वृत्तमाध्यमांनी हे प्रकरण चव्हाट्यावर आणल्यावर जंपशॉट बंद झाली. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याचे ठरवले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. ज्याला पहाऱ्यावर ठेवले त्यानेच घरातील हालचालींची टिपणे बाजारात नेली, एवढाच त्याचा अर्थ.

पैसे मोजले म्हणजे निश्चिंती, असेही नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने विंडोज एक्सपीमधील एका अत्यावश्यक फाइललाच व्हायरस ठरवून बंदिवान केले, आणि असंख्य संगणक पुनःपुन्हा बंद-चालू होत राहिले. म्हणून स्वतंत्र प्रयोगशाळांचे तक्ते पाहताना किती व्हायरस पकडले, एवढाच रकाना वाचून थांबू नये. निरपराध फाइली किती पकडल्या, तोही वाचावा. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील 'एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज' ही संस्था तो हिशेब स्वतंत्रपणे देते. त्याहून विलक्षण प्रकार २०२४ मध्ये घडला. अमेरिकी सरकारने कॅस्परस्की या रशियन कंपनीच्या अँटीव्हायरसच्या विक्रीस बंदी घातल्यावर, सप्टेंबरात तेथील कित्येक ग्राहकांच्या संगणकावरून कॅस्परस्की आपोआप निघून गेला आणि त्याच्या जागी 'अल्ट्राएव्ही' नावाचा दुसराच प्रोग्रॅम येऊन बसला. आपली संमती कोणी विचारलीच नाही, अशी तक्रार अनेकांनी केली. मुखत्यार परस्पर बदलला जातो आणि मालकाला ते मागाहून कळते, यावरून दिलेल्या अधिकाराची व्याप्ती ध्यानात यावी.

एकाच्या जोडीला दुसरा अँटीव्हायरस ठेवला तर संरक्षण दुप्पट होईल, हा हिशेब अगदीच चुकीचा. दोघेही प्रत्येक फाइल उघडताक्षणी ती आपल्याकडे प्रथम यावी असा आग्रह धरतात, परस्परांच्या नोंदींकडे संशयाने पाहतात, आणि संगणक मंदावतो. म्हणूनच दुसरा आला की डिफेंडर सामान्यतः आपण होऊन बाजूला होतो.

अँटीव्हायरस बनवणाऱ्या कंपन्याच व्हायरस पसरवतात, हा आरोप चहाच्या टपरीवर फार लोकप्रिय आहे. त्याला पुरावा मात्र नाही. १९८६ मध्ये फ्लॉपीवरून पसरलेल्या 'ब्रेन' या व्हायरसमध्ये लाहोरच्या दोघा भावांनी आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक खुशाल लिहून ठेवला होता! तो निरागस काळ संपला. आज फाइली कुलूपबंद करून खंडणी उकळणे हा स्वयंपूर्ण धंदा झाला आहे, आणि त्याला कोणा कंपनीच्या आश्रयाची गरज उरलेली नाही. मॅकला व्हायरस लागत नाही ही वदंता तशीच: २०१२ मध्ये 'फ्लॅशबॅक'ने सुमारे ६ लाख मॅक ग्रासले होते.

सर्वांत महाग पडणारी समजूत मात्र ही की, अँटीव्हायरस आहे म्हणजे सर्व काही अडवले जाईल. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभर हाहाकार उडवला, तेव्हा ज्या छिद्रातून तो आत शिरला ते बुजवण्याची तजवीज मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच करून ठेवली होती. अपडेटची सूचना दोन महिने पुढे ढकलणाऱ्यांच्या संगणकांना त्याची किंमत मोजावी लागली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले असून, त्यावर उत्तमोत्तम अँटीव्हायरस बसवला तरी प्रणालीतील नवी छिद्रे तो बुजवू शकत नाही. आपल्याकडील विशेष व्याधी म्हणजे क्रॅक. फुकटात विंडोज किंवा एखादा महागडा प्रोग्रॅम चालू करून देणारी ही फाइल पहिली अट घालते ती 'अँटीव्हायरस बंद करा' अशी, आणि एरवी चार दुकाने फिरून अँटीव्हायरस निवडणारा गृहस्थ ती अट निमूटपणे मान्य करतो. दूरध्वनीवर ओटीपी सांगणाऱ्याला किंवा अनोळखी इसमाच्या सांगण्यावरून संगणकाचा दूरस्थ ताबा देणाऱ्यालाही कोणताच प्रोग्रॅम अडवीत नाही, कारण मालकाचाच तो हुकूम असतो. तसे होऊन पैसे गेलेच, तर विनाविलंब सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांक फिरवावा.

राहता राहिला नव्या लॅपटॉपबरोबर आलेला मुदतीचा अँटीव्हायरस. मुदत संपल्यावर त्याला नव्या व्हायरसांची माहिती मिळणे थांबते. पण कोपऱ्यातील त्याचे चिन्ह कायम असल्यामुळे बंदोबस्त चालूच आहे असा भास होतो. नूतनीकरण करायचे नसेल तर तो काढून टाकावा, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि 'विंडोज सिक्युरिटी' उघडून डिफेंडर कामावर रुजू झाल्याची खातरजमा करावी. ज्यांना प्रत्यक्ष रुजुवात हवी असेल, त्यांच्यासाठी 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची एक चाचणी-फाइल आहे. ती पूर्णतः निरुपद्रवी असून केवळ पकडली जाण्यासाठीच तयार केलेली आहे, आणि ती साठवू पाहताच कार्यरत अँटीव्हायरसने आक्षेप घेतला पाहिजे.