इतिहास सांगावा कसा?

गेल्या वर्षीं आमच्या नववीच्या वर्गानें महाराष्ट्रांतील १९७२ च्या दुष्काळावर चार पॉडकास्ट तयार केले. त्या वेळीं कित्येक पालकांनीं आम्हांस विचारिलें, "मोबाइलपुढें बोलण्याचा हा खेळ कशाला? यानें परीक्षेंत गुण वाढणार आहेत काय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचें उत्तर येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

'आयपॉड' व 'ब्रॉडकास्ट' या दोन शब्दांच्या जोडीपासून २००४ सालीं 'पॉडकास्ट' हा शब्द बनला. ध्वनिमुद्रित करून ठेविलेलें व श्रोत्यानें आपल्या सवडीनें ऐकावें असें भाषण किंवा संभाषण म्हणजे पॉडकास्ट होय. वर्गांत बोलणाऱ्यास फळा, हातवारे व चेहरा यांचें साह्य असतें. येथें केवळ आवाजावर काम भागवावें लागतें. शिवाय वाचक मागलें पान उलटून पाहतो. श्रोता मात्र एक वाक्य समजलें नाहीं तर बहुधा ऐकणेंच सोडून देतो. यास्तव वाक्य लहान, क्रम सरळ व उच्चार स्पष्ट असावा लागतो.

आरंभीं आमचीच एक चूक झाली. मुलांनीं निबंध लिहिले व तेच यंत्रापुढें वाचून दाखविले. ध्वनिमुद्रण ऐकतांच त्यांचें त्यांनाच हसूं आलें, इतकें तें पाठांतरासारखें वाटत होतें. मग आम्हीं असा क्रम ठरविला : आधीं विचारणें, मग पडताळणें, मग लिहिणें आणि शेवटीं बोलणें.

विचारणें हेंही शिकावें लागतें. "दुष्काळ कसा होता?" असें मुलांनीं एका आजीस विचारिलें, तेव्हां "लई वाईट होता, बाबा," एवढ्यावर उत्तर संपलें. "त्या दिवसांत सकाळीं उठल्यावर पहिलें काम कोणतें असे?" असें विचारतांच तीच आजी अर्धा तास बोलली. खडी फोडणें, कामावर मिळणारी सुकडी, लाल मिलोची भाकरी, हें सारें त्या एका प्रश्नांतून बाहेर आलें.

तथापि एकाच्या आठवणींत सबंध इतिहास मावत नाहीं. म्हणून मुलांनीं पुस्तकें धुंडाळलीं. १९७३ च्या मे महिन्यांत राज्यांत सुमारें ५० लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं, वि. स. पागे यांच्या पुढाकारानें आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ सालीं झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. आजीनें फोडलेली खडी व हा कायदा यांचा संबंध मुलांना तेव्हां उमगला.

तयार झालेलें कथन आम्हीं पांचवीच्या मुलांस ऐकविलें व त्यांच्याकडून परत सांगवून घेतलें. त्यांना जें सांगतां आलें नाहीं तें नववीच्या मुलांनीं पुन्हा लिहिलें.

एक प्रसंग सांगणें अवश्य आहे. एका मुलीची आजी बोलतां बोलतां रडूं लागली व तें ध्वनिमुद्रणांत आलें. तो भाग ठेविल्यास श्रोत्यांचीं मनें हेलावतील, असें गटांतील बहुतेकांचें मत पडलें. मुलीनें मात्र आजीस विचारिलें. आजी म्हणाली, "तेवढं नको, बाळा. ते माझ्यापाशीच राहू दे." एरवीं वर्गांत मान वर न करणाऱ्या त्या मुलीनें दुसऱ्या दिवशीं गटास स्वच्छ शब्दांत सांगितलें कीं, हा भाग जाणार नाहीं, आणि तो गाळण्यांत आला.

गुण वाढतीलच असें वचन आम्ही पालकांस देत नाहीं. परंतु नीट विचारणें, पडताळून बोलणें व दुसऱ्याच्या शब्दाचा मान राखणें, हें आमच्या मुलांनीं या कामांत शिकलेलें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, घरीं प्रयत्न करावयाचा असेल तर शांत खोली निवडा, आवाज घुमत असेल तर खिडकीवर गोधडी टाका आणि फोन तोंडापासून वीतभर दूर धरा. सुटींत आजोळीं जाल तेव्हां मात्र फोन काढण्यापूर्वीं एक चांगला प्रश्न तयार ठेवा, आणि उत्तर संपेपर्यंत मध्यें बोलूं नका.