टायरचे रूप आणि चिखलातील पकड

तंजावर जिल्ह्यातील कावेरीकाठच्या गावांत कुरुवै व सांबा भाताच्या लावणीपूर्वी शेतात पाणी साठवून चिखलणी करतात. अशा वेळी ट्रॅक्टरचे झिजलेले टायर बदलताना, कंगोरे जितके उंच व उग्र तितका टायर चांगला, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो अर्धाच खरा आहे.

कंगोरे चिखलात रुतून चाकाला आधार देतात. परंतु त्यांमधील खाचा चिकणमातीने भरल्या, की चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरू लागते. म्हणून खाचा रुंद व कडेला मोकळ्या असाव्यात, म्हणजे फिरता फिरता माती झडून जाते. भातशेतीसाठीच्या खास टायरचे कंगोरे नेहमीच्या टायरच्या सुमारे दुप्पट उंच असतात. मात्र डांबरी रस्त्यावर सारा भार त्यांच्या माथ्यांवरच पडून ते लवकर झिजतात.

ज्याचा ट्रॅक्टर वर्षातील बराच काळ रस्त्यावर ट्रॉली ओढतो, त्याने नेहमीचे टायर घेऊन चिखलणीपुरती लोखंडी केज व्हील जोडावी, हेच काटकसरीचे होय. स्वस्त टायर घेताना आकार व भारक्षमता पाहावीच. शिवाय बाजूवर कोरलेला चार आकडी निर्मितिकालही वाचावा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेले रबरही कालांतराने कडक होऊन तडकते.