फातोर्ड्याचा नवा संघ

बेळगाव, खानापूर, निपाणी या आमच्या मुलखातून चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरला की गोवा फार दूर राहत नाही. सन २०१४ च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक दर्शन सुरू झाले. त्याच दिवसांत मडगावानजीक फातोर्ड्याच्या मैदानावर एक नवा फुटबॉल संघ आपली पहिली पावले टाकीत होता. एफ. सी. गोवा हे त्याचे नाव.

हा संघ २६ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झाला आणि १५ ऑक्टोबरला तो पहिल्या सामन्यास उभा राहिला. उणेपुरे पन्नास दिवस! त्या वर्षी निघालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये असे आठ धंदेवाईक संघ होते. ‘धंदेवाईक’ हा शब्द काहींच्या कानांस रुचत नाही. परंतु खेळाडूसही पोट आहे, हे आम्ही विसरू नये. मालकांत डेम्पो व साळगावकर या गोव्यातील उद्योगपती घराण्यांचे वारस होते. शिक्षक म्हणून ब्राझीलचे विख्यात खेळाडू झिको आले, तर फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघातील रॉबेर पिरेस मैदानात उतरले.

पहिल्या सामन्यात चेन्नईयिनने गोव्यास २–१ असे हरविले. तथापि झिकोंनी संघ सावरला, आणि चौदा सामन्यांअखेर तो दुसऱ्या स्थानी आला. उपांत्य फेरीत कोलकात्याशी दोन्ही सामने गोलशून्य राहिले. अखेर पेनल्टीवर गोवा हरला. या मोसमात सासष्टीचा रोमियो फर्नांडिस असा चमकला की पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या अॅटलेटिको परानेन्स क्लबाने त्यास आपल्याकडे नेले.

पन्नास दिवसांच्या संघास लोकांनी इतक्या त्वरेने आपले कसे म्हटले? पैशाने झिको आणता येतात, प्रेक्षक आणता येत नाहीत. ती भूमी फार आधी नांगरलेली होती. सन १८८३ मध्ये शिवोली येथे फादर लायन्स या धर्मगुरूंनी मुलांच्या शिक्षणाचा भाग म्हणून हा खेळ गोव्यात आणला, असे सांगतात. पुढे चर्चलगतच्या मोकळ्या जागेत आणि कापणी झालेल्या शेतांत तो वाढला. त्यातूनच वास्को, साळगावकर, डेम्पो, चर्चिल ब्रदर्स हे क्लब बळावले. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत आय-लीगचे सलग सहा किताब गोव्याच्याच क्लबांनी जिंकले, ही गोष्ट लहान नव्हे. रोमियो आणि मंदार राव देसाई हेही डेम्पोच्याच तालमीतले.

या जुन्या क्लबांना मात्र नव्या लीगमध्ये स्थान नव्हते. नव्या घरास वासे जुन्याच घराचे लागले, आणि जुने घर उघडे पडले. २०१६ मध्ये नव्या लीगला देशातील पहिली आणि आय-लीगला दुय्यम पायरी देण्याचा बेत महासंघाने मांडला. जिंकून वर चढण्याची वाटच उरत नसेल तर खेळावे कशासाठी, अशा निषेधाने साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा व डेम्पो हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. येथे एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या घराण्यांनी जुने क्लब पोसले, त्यांचेच वारस नव्या संघाचेही मालक होते. त्यांस दोष देणे आम्हांस सोपे वाटत नाही. लीगचे नियम त्यांच्या हाती नव्हते.

एफ. सी. गोवाचा पुढे उत्कर्षच झाला. २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. डेम्पो मात्र खालच्या पायरीपासून पुन्हा चढत २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परतला. २०१६ साली त्याच्या दाराशी उभी असलेली अठरा वर्षांची मुले तोवर सव्वीस वर्षांची झाली होती.