दुहेरी प्रणालीच्या संगणकातून लिनक्सचा बूट लोडर कसा काढावा?

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही कार्यप्रणाली ठेवता येतात. असा संगणक सुरू करताच पडद्यावर यादी येते व कोणती प्रणाली हवी, अशी विचारणा होते. ही यादी दाखविणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला बूट लोडर म्हणतात. लिनक्ससोबत बहुधा ‘ग्रब’ हा बूट लोडर येतो.

लिनक्सची गरज संपल्यावर अनेकजण प्रथम तिचा विभागच पुसून टाकतात. परिणामी संगणक सुरू होईनासा होतो. शाळेचे निकालपत्रक किंवा ग्रामपंचायतीची करनोंद विंडोजच्या विभागात सुरक्षित असते. परंतु तेथे पोहोचण्याची वाट बंद झालेली असते.

याचे कारण सोपे आहे. जुन्या बायोस पद्धतीत संगणक हार्ड डिस्कचा पहिला, ५१२ बाइटांचा खंड वाचतो. त्यात सुरुवातीच्या सूचनांसाठी जेमतेम ४४६ बाइट असतात. तेवढ्यात ग्रब मावत नाही. त्याचा बराच भाग लिनक्सच्या विभागात राहतो. तो विभाग गेला, की पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे उरतात. म्हणून आधी विंडोजची वाट मोकळी करावी आणि मगच लिनक्स काढावे, हा क्रम कटाक्षाने पाळावा.

प्रारंभी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली लिहून ठेवावी. त्यानंतर विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’ पाहावा.

तेथे ‘लेगसी’ असल्यास विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कवरून संगणक सुरू करावा, दुरुस्तीच्या पर्यायातून कमांड प्रॉम्प्ट उघडावा व ‘बूटरेक’ ही आज्ञा ‘फिक्सएमबीआर’ या पर्यायासह द्यावी. या आज्ञेने ग्रबच्या जागी विंडोजच्या सूचना लिहिल्या जातात. विभागांच्या तक्त्याला धक्का लागत नाही.

‘यूईएफआय’ असल्यास संगणकाच्या फर्मवेअर सेटिंगमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ला पहिला क्रम द्यावा. ग्रबच्या फाइली ईएफआय नावाच्या लहान विभागात, लिनक्स वितरणाच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात. प्रशासक अधिकाराने ‘माउंटव्हॉल’ आज्ञा वापरून तो विभाग उघडता येतो. तेथील केवळ तो फोल्डर, उदाहरणार्थ ‘उबुंटू’, काढावा. ‘मायक्रोसॉफ्ट’ व ‘बूट’ या फोल्डरांना हात लावू नये. ईएफआय विभाग तर कधीही पुसू नये. विंडोजही तेथूनच सुरू होते.

यानंतर संगणक दोन वेळा बंद करून चालू करावा. यादी न येता विंडोज थेट सुरू झाल्याची खात्री पटली, की ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून लिनक्सचा विभाग निर्धास्तपणे काढावा. या कामास फार वेळ लागत नाही. क्रम चुकल्यास मात्र कार्यालयाचा एक दिवस वाया जाऊ शकतो.