शिकागो हरतं, बर्मिंगहॅम जिंकतं

संपादकांचा निरोप तीन ओळींचा होता. अमेरिकेतला सर्वांत जास्त हरणारा संघ तुमच्या गावात आहे. जाऊन या. आणि दर दोन वाक्यांनी क्रिकेट आणू नका. तिसऱ्या ओळीतली अट मी एकदाच मोडणार आहे.

मंगळवार, २४ सप्टेंबर २०२४. रेड लाइनच्या गाडीतून सॉक्स-थर्टीफिफ्थ स्टेशनावर उतरलो. मैदानाबाहेरच्या गाडीतळावर लोकांनी शेगड्या पेटवल्या होत्या आणि कांदा परतल्याचा वास सुटला होता. शिकागो व्हाइट सॉक्स तोवर १२० सामने हरले होते. बेसबॉलच्या आधुनिक इतिहासात एका मोसमात इतके सामने हरलेला दुसरा संघ एकच, १९६२ चा न्यूयॉर्क मेट्स. आणखी एक पराभव झाला की विक्रम. लोक तो पराभव बघायला तिकिटं काढून आले होते. लग्नाला जावं तसे आले होते.

आणि त्या दिवशी संघ जिंकला! आठव्या इनिंगपर्यंत शून्य-दोन असा मागे होता, तिथे एकदम तीन धावा काढल्या. काही लोक नाचले आणि काहींनी चक्क हुर्यो उडवली. आपल्याच संघाच्या विजयावर हुर्यो उडवणारे प्रेक्षक मी पहिल्यांदाच पाहिले. मधूनच ‘संघ विका, संघ विका’ असा घोष उठायचा. तो मालकांसाठी होता; जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे हा संघ १९८१ पासून आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो कुठेही मिळतो. १९१९ मध्ये पैसे खाऊन वर्ल्ड सीरिज हरल्याचा डाग याच संघावर आहे. २००५ मध्ये ८८ वर्षांनी अजिंक्यपद मिळालं. त्या मालिकेच्या पहिल्या सामन्याच्या चित्रणात गर्दीत एक पाद्री दिसतात. ते आता पोप चौदावे लिओ आहेत. त्यांच्या निवडीनंतर शिकागोत वाद चालला, की हे व्हाइट सॉक्सचे की शहराच्या उत्तरेकडच्या कब्जचे. शेवटी त्यांच्या भावानं निकाल दिला: सॉक्सचेच. इतकी वर्षं हा संघ ज्यानं सोसला त्याला संयमाचं प्रशिक्षण वेगळं द्यायला नको, असा विनोद मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितला. घसरणीचे आकडे मात्र विनोदी नाहीत. २०२१ पासून सलग चार मोसमांतले विजय असे: ९३, ८१, ६१, ४१.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त बसचालक बसले होते. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. ते सामना ‘लिहीत’ होते. ही इथली जुनी रीत आहे. नऊ खेळाडूंना नऊ आकडे: पिचर एक, कॅचर दोन, असं करत उजव्या कोपऱ्यातला नऊ. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्ट बेसला गेला आणि दोघं बाद झाले, तर चौकटीत फक्त ‘६-४-३’. अख्खी धावपळ तीन आकड्यांत मावते. मी निम्मा सामना त्यांच्या पेन्सिलीकडेच बघत होतो.

वही दोन्ही बाजूंनी लिहिलेली होती. पुढून शिकागो. उलटी करून मागून उघडली की बर्मिंगहॅम.

“पुढची पानं सवय म्हणून लिहितो,” ते म्हणाले, “मागची वाचायला.”

बर्मिंगहॅम म्हणजे अलाबामातलं पोलाद आणि कोळशाचं जुनं शहर, इथून हजारएक किलोमीटर दक्षिणेला. तिथला बॅरन्स हा संघ १९८६ पासून व्हाइट सॉक्सचा पोटसंघ आहे. मायकल जॉर्डन १९९४ मध्ये बास्केटबॉल सोडून बेसबॉल खेळायला गेला तो याच संघात, कारण त्याच्या बास्केटबॉल संघाचे मालकही राइन्सडॉर्फच होते. १२७ सामने खेळला, सरासरी .२०२. म्हणजे बेताचीच. गावातलं रिकवुड फील्ड १९१० सालचं, अमेरिकेतलं सर्वांत जुनं व्यावसायिक बेसबॉल मैदान. विली मेज पोरसवदा वयात त्यावर कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक बॅरन्स संघाकडून खेळले. बॅरन्स आता २०१३ साली बांधलेल्या रीजन्स फील्डवर खेळतात.

आता ती मोडायची अट. रणजीत मुंबईचा पोरगा मुंबईसाठी खेळतो आणि करंडक आला तर मुंबईला येतो. इथे तसं नाही. तिकिटं, दिवे, शेंगदाणे, पार्किंग हे सगळं बर्मिंगहॅमच्या मालकांचं. खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचे पगार शिकागोचे. आज कोण खेळणार, किती वेळ खेळणार, उद्या तो इथे असेल की नसेल, हे सगळं शिकागोत ठरतं. अशी चार मोठी ठाणी आहेत: कनॅपोलिस, विन्स्टन-सेलम, बर्मिंगहॅम, शार्लट. पोरगा पायरी पायरीनं वर चढतो. अमेरिकन लोक या व्यवस्थेला शेत म्हणतात. शेतच म्हणायचं तर पीक कापून नेणारा निराळा आणि बांधावर बसून टाळ्या वाजवणारा निराळा.

त्या सप्टेंबरात शिकागो विक्रमी हरत असताना बॅरन्सनी सदर्न लीगचं अजिंक्यपद जिंकलं. काकांनी (मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणू लागलो होतो) त्या मोसमातली पानं मला दोनदा दाखवली. त्यांचं बोट मात्र एकाच नावावर: नोआ शुल्ट्झ. शिकागोच्याच उपनगरातला, डावखुरा, पावणेसात फुटांच्या आसपास उंच. २०२२ मध्ये शाळेतून थेट पहिल्या फेरीत निवडलेला.

त्याच्या चौकटी बघताना एक गोष्ट खटकली. चौथ्या इनिंगनंतर त्याचं नाव जवळजवळ कुठेच नाही. मारा होतोय म्हणून नव्हे, छान चाललं असतानाही. काका हसले. वरून हुकूम आहे, म्हणाले. चार झाल्या की बस. त्या मोसमात त्यानं २३ सामन्यांत सुरुवात केली आणि सगळ्या मिळून ८८ इनिंग्ज टाकल्या. आता बेसबॉलचा नियम असा, की सुरुवातीच्या पिचरनं पूर्ण पाच इनिंग्ज टाकल्याशिवाय विजय त्याच्या खात्यावर चढत नाही. म्हणजे त्यानं एकही धाव दिली नाही तरी चार इनिंग्जनंतर जिंकलेला म्हणून नाव दुसऱ्याचंच. जिंकण्याची सोयच नसलेल्या जागी एका पोराला दर वेळी उभं करायचं, हे मला विलक्षण वाटलं. क्रूर वाटलं का? तेव्हा नाही वाटलं. तो हात शिकागोसाठी राखून ठेवत होते.

पण राखलेला हात पोहोचतो का, हा प्रश्न राहतोच. काकांनी वहीत ड्रू थॉर्प हा पिचर शोधून दाखवला. २०२४ च्या वसंतात बर्मिंगहॅममध्ये त्याच्याविरुद्ध नऊ इनिंग्जमागे दीड धावसुद्धा निघत नव्हती. नेमकी सरासरी १.३५. वर संघ बुडत होता, म्हणून जूनमध्ये मधली शार्लटची पायरी गाळून त्याला थेट शिकागोला आणलं. इथे नऊ सामन्यांत तीच सरासरी साडेपाचच्या घरात गेली. मग कोपर दुखायला लागलं. पुढच्या मार्चमध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया: शरीरातूनच, बहुधा मनगटाकडून, एक कंडरा काढायची, कोपराच्या हाडाला भोकं पाडून त्यातून ओवायची आणि वर्षभर वाट बघायची. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा केली तेव्हा तो अचाट प्रयोग होता. आता तरुण पिचरच्या आयुष्यात ती शाळेतल्या परीक्षेसारखी येते. सगळ्यांना ताशी शंभर मैलांच्या जवळ जायचंय, कारण तेवढ्या वेगाकडेच निवड करणाऱ्यांचं लक्ष जातं. हाडं सोसतात, पण त्यांना बांधणारे दोर सोसत नाहीत.

पैशाचं गणितही पोराला घाईच करायला लावतं. खालच्या संघांतल्या खेळाडूंची संघटना झाली आणि २०२३ मध्ये पहिला करार झाला. त्यात बर्मिंगहॅमच्या पातळीवरचा किमान पगार वर्षाला १३,८०० डॉलरवरून ३०,२५० वर गेला. शिकागोत पोहोचल्यावर २०२४ चा किमान पगार ७ लाख ४० हजार. या दोन आकड्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या विशीतल्या पोराला ‘कोपर दुखतंय का?’ असं विचारलं, तर तो काय उत्तर देईल?

विक्रम शेवटी २७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये झाला, आणि त्याच विजयानं डेट्रॉइटनं बाद फेरी गाठली. एकाच चेंडूफळीनं एका गावाला मिरवणूक आणि दुसऱ्याला नामुष्की. पुढचं वर्ष ६० विजय, १०२ पराभव. सुधारणा म्हणायची.

काकांना मी २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा भेटलो. नवी वही होती. जूनमध्ये शुल्ट्झला शार्लटला बढती मिळाली होती, म्हणून त्यांनी मधून तिसरा भाग सुरू केला होता. कडेला कागदाची पट्टी चिकटवलेली. त्या भागात मोजकेच सामने होते आणि चौकटी समोरच्या संघाच्या धावांनी भरून गेल्या होत्या. पुढची पानं कोरी. शेवटच्या सामन्याखाली बारीक पेन्सिलीत एकच शब्द होता: गुडघा.